वादळानंतरच्या पहिल्या स्वच्छ सकाळी बॅच वर काढू नका : हिवाळी ट्रेक नेणाऱ्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून हिमालयात हिवाळी ट्रेक नेणाऱ्या सर्व संस्था, क्लब आणि कंपन्यांचे चालक यांस,

स. न. वि. वि.

गेल्या फेब्रुवारीत गढवालमध्ये बर्फाचं वादळ सुरू होतं तेव्हा आपल्यापैकी एका आयोजकाची बॅच वरच्या कॅम्पवर अडकून पडली होती. वादळ निवळलं, पहाटे आकाश निरभ्र झालं आणि त्याच सकाळी बॅचला समिटसाठी बाहेर काढण्यात आलं. डोंगराच्या धारेखालचा उतार आडवा कापताना बर्फाला तडा गेला आणि तड्याखालचा सगळा थर सरकला. दोन मुलं छातीपर्यंत गाडली गेली. बाकीच्यांनी हातांनी आणि डब्यांच्या झाकणांनी उकरून त्यांना बाहेर काढलं. दोघंही धडधाकट आहेत, हे नशीब.

संध्याकाळी संस्थेच्या पानावर फोटो झळकले. मथळा होता, ‘वादळावर मात’. मुलांच्या घरी कुणी काही कळवलं नाही. माझा भाचा त्या बॅचमध्ये होता म्हणून मला कळलं. मी आयोजकांना रीतसर पत्र लिहिलं, आठवण केली, फोन केले. शेवटी उत्तर आलं की हिमालयात एवढं तेवढं चालायचंच, आणि तुमचा भाचा सुखरूप परत आलाय ना? तोवर पुढच्या मोसमाच्या तारखा जाहीरही झाल्या होत्या. मार्ग तोच, दिवस तेवढेच.

संस्थेचं नाव मी इथे घेणार नाही. एका नावावर खापर फुटलं की बाकीचे निर्धास्त होतात, आणि जे घडलं ते एकाच संस्थेपुरतं नाही हे हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक चालकाला ठाऊक आहे.

मी नाशिकची. आमच्या गिरिभ्रमण मंडळात बरीच वर्षं लीडर म्हणून काम करते. बर्फावरचं प्राथमिक आणि पुढचं प्रशिक्षण उत्तरकाशीला घेतलं. मंडळातली पोरं पहिल्यांदा हिमालयात निघाली की त्यांच्या आया मला फोन करतात, “ताई, पाठवू ना?” या प्रश्नाचं उत्तर मला द्यावं लागतं. ते कशाच्या आधारावर द्यायचं, हे मी आज आपल्याला सगळ्यांसमक्ष विचारते आहे.

भाच्याच्या फोनमध्ये त्या सकाळची एक छोटी चित्रफीत आहे. ऊन नुकतंच धारेवर आलंय. वीसेक जण एकमेकांना चिकटून एका रांगेत उतारावर उभे आहेत, मध्ये हातभरसुद्धा अंतर नाही. कुणीतरी ‘गणपती बाप्पा’ म्हणतं, मागून ‘मोरया’ येतं. मग एक जड, दबका ‘धप्प’ असा आवाज होतो आणि सगळ्यांच्या पायाखालचा बर्फ बोटभर खाली बसतो. पुढे उभा असलेला स्थानिक गाइड दोन्ही हात वर करून ओरडतो, “रुको! सब पीछे!” लीडर म्हणतो, “कुछ नहीं होता भैया, चलो.” अजून थोडी पावलं पडतात. वरच्या अंगाला बर्फात एक रेघ उमटते आणि डावीकडून उजवीकडे धावत जाते. चित्रफीत तिथेच तुटते.

तो ‘धप्प’ आवाज म्हणजे आतला कच्चा थर बसल्याची खूण. बर्फावर काम करणाऱ्या कुणालाही ती शिकवलेली असते. गाइडला ती कळली. लीडरला कळली नाही, कारण त्याला ती कुणी शिकवलीच नव्हती. भाच्याकडून कळलं की त्याचा बर्फाशी संबंध आधीच्या दोन मोसमांत बॅचेस नेण्यापुरताच होता.

हा कच्चा थर कसा तयार होतो ते इथे लिहिते. हे पत्र पालकही वाचतील आणि त्यांनाही ते कळायला हवं. नोव्हेंबर-डिसेंबरात पडलेला पातळ बर्फ निरभ्र, कडाक्याच्या रात्रींमध्ये आतून बदलत जातो. खालची जमीन त्या मानाने उबदार, वरची हवा गोठलेली. या फरकामुळे तळाचे कण मोठे आणि सुटे होतात, जाड्या साखरेसारखे, आणि एकमेकांना धरून राहत नाहीत. मग जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमी झंझावात येतो आणि दोनेक दिवसांत दोन-तीन फूट नवा बर्फ त्यावर टाकतो. वारा धारेच्या एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला नेऊन थापतो. आडोशाच्या उतारावर त्यामुळे आभाळातून पडला त्याच्या कितीतरी पट बर्फ साचतो आणि त्याची घट्ट लादी बनते. वर जड लादी, खाली सुटे कण. उतार ३० ते ४५ अंशांचा असला की ही लादी सुटायला निमित्त पुरतं. माणसं सापडतात अशा बहुतेक हिमस्खलनांत ते निमित्त म्हणजे त्या माणसांचं किंवा त्यांच्या सोबत्यांचं वजनच असतं.

आपण सगळे सह्याद्रीत वाढलो. आषाढातल्या धो धो पावसात राजगड करणं हा आपल्याकडे मोसमाचा भाग. पाऊस थांबला, ऊन पडलं की कातळ वाळतो, ओढ्याचं पाणी उतरतं, धोका कमी होतो. हा हिशेब आपल्या हाडीमाशी खिळलेला आहे. हिवाळी हिमालयात तो चालत नाही. तिथे वादळ थांबतं त्या क्षणी उतारांवरचं ओझं सगळ्यात जास्त असतं आणि ते अजून मुरलेलं नसतं. वादळाचे दिवस आणि त्यानंतरचे निदान दोन दिवस सगळ्यात घातकी. तळाशी कच्चा थर असेल तर धोका आठवडाभरही रेंगाळतो. आणि नेमकी हीच पहिली स्वच्छ सकाळ आपल्याला हवीहवीशी वाटते. दिवस वाया गेलेले असतात, फोटो सुंदर येणार असतात, मागची बॅच खाली येऊन थांबलेली असते.

माझं सगळं म्हणणं या एका सकाळीबद्दल आहे. त्या सकाळी वर जायचं की नाही हे आज कॅलेंडर ठरवतं. ते बर्फ बघून ठरलं पाहिजे.

‘आमचे मार्ग सोपे आहेत, तिथे हिमस्खलन होत नाही’, असं आपल्यापैकी अनेक जण म्हणतात. अर्धं खरं आहे. गढवालमधल्या दयारा बुग्यालची कुरणं सौम्य आहेत. केदारकांठ्याचा बराच मार्ग जंगलातून जातो आणि दाट जंगलात लादी सहसा सुटत नाही. पण केदारकांठ्याची शेवटची चढण उभी आहे. पायवाट बर्फाखाली गेली की लीडर शॉर्टकट घेतो आणि तो शॉर्टकट कुठल्या नाळेखालून, म्हणजे डोंगरातल्या घळीखालून, जातो हे त्याला माहीत नसतं. शिवाय सोप्या ट्रेकवर पैसे मिळतात म्हटल्यावर आता पांगरचुल्लासारखे उभ्या उतारांचे मार्गही ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून विकले जात आहेत.

आणि हिमस्खलनाला गिर्यारोहकच लागतो असं नाही. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुला रस्त्यावर पर्यटक बर्फात खेळायला उतरले होते. हिमलोट आला आणि सात जण गेले. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा गावापाशी सीमा सडक संघटनेच्या रस्ते कामगारांचा तळ पहाटे गाडला गेला. चोपन्न कामगार बर्फात अडकले होते. शेहेचाळीस वाचले, त्यात त्यांच्या लोखंडी कंटेनरांचा वाटा मोठा. आठ जण दगावले. आपल्या पोरांना आपण कापडी तंबूत झोपवतो.

अनुभव असला की सुटका होते, हाही गैरसमज ठेवू नका. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या द्रौपदी का डांडा शिखरावर प्रशिक्षणार्थींची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि २९ जण गेले. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू केलं होतं. त्यांच्यासारख्यांच्या बाबतीत जे घडलं ते आपल्या दोन मोसमांच्या लीडरच्या बाबतीत घडणार नाही, हा विश्वास कुठून येतो?

आता तक्रारी.

पहिली इशाऱ्यांबद्दल. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था, जिला जुने गिर्यारोहक ‘सासे’ म्हणून ओळखतात, हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे देते. जिल्हा आणि उंची सांगून. माणाच्या दुर्घटनेच्या आदल्या संध्याकाळीच चमोली, उत्तरकाशी, रुद्रप्रयाग, पिथोरागढ आणि बागेश्वर जिल्ह्यांत २४०० मीटरच्या वर चोवीस तासांसाठी इशारा होता. २४०० मीटर म्हणजे आठ हजार फुटांच्याही आत. केदारकांठ्याच्या पायथ्याचं सांकरी गाव सोडलं की पहिल्याच मुक्कामाला आपली बॅच त्याच्या वर असते. अशा इशाऱ्याचा अर्थ २४०० मीटरच्या वरचं सगळं बंद असा होत नाही. त्याचा अर्थ हा की आता जंगल आणि सपाटी सोडायची नाही, नाळांखाली तंबू ठोकायचे नाहीत, उभा उतार कापायचा नाही. पण त्यासाठी इशारा आधी वाचावा लागतो. आपल्यापैकी किती जणांच्या कॅम्पवर तो रोज संध्याकाळी वाचला जातो? भाच्याच्या बॅचला इशारा होता हे त्यांना घरी परतल्यावर माझ्याकडून कळलं.

दुसरी पैशांबद्दल. सगळं इथेच अडतं, म्हणून स्पष्ट लिहिते. बॅचेस आपण एकामागे एक लावता, मध्ये रिकामा दिवस नसतो. ‘गॅरंटीड स्नो’ अशी जाहिरात करता. खराब हवामानासाठी राखीव दिवस धरत नाही, कारण त्याने शुल्क वाढतं आणि शेजारचा आयोजक स्वस्तात नेतो. ट्रेक अर्ध्यात सोडला तर पैसे परत नाहीत, पुढच्या बॅचमध्ये जागा नाही. मग पोरगं स्वतःच हट्ट धरतं, घरच्यांनी दहा हजार भरलेत, समिट तरी करूया. लीडरवर वरून शहरातल्या ऑफिसचा दबाव, खालून बॅचचा. त्या सकाळी लीडरने सॅटेलाइट फोनवरून ऑफिसला विचारलं होतं. ऑफिसातल्या माणसाने ‘निघा’ म्हणून सांगितलं. त्याच्या खिडकीतून नाशिकचं ऊन दिसत होतं.

तिसरी स्थानिक गाइडबद्दल, आणि ही मला सगळ्यात जास्त लागते. हर की दून, मोरी, लोहाजंगच्या परिसरातली ही माणसं. कुठली नाळ दर दोन-चार वर्षांनी फुटते, कुठल्या देवदारांच्या रांगेत मध्येच रिकामी पट्टी आहे आणि ती का आहे, हे त्यांना आजोबांपासून ठाऊक असतं. त्या सकाळी गाइडने तंबूतून निघण्याआधीच सांगितलं होतं, “सर, आज नहीं. दो दिन रुको.” त्याचं ऐकलं नाही, कारण तो रोजंदारीवर होता आणि लीडर पगारावर. परत फिरल्याबद्दल त्या दिवसाची मजुरी कापली जाते अशीही उदाहरणं मी गाइडांकडून ऐकली आहेत. ज्याच्या नकारामुळे त्याचीच मजुरी जाते, तो किती वेळा नकार देईल?

चौथी साधनांबद्दल. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाच्या बाबतीत आल्प्समधल्या नोंदी सांगतात की पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले नऊ वाचतात. अर्धा तास उलटला की वाचणारे दहात तीनच्या आसपास राहतात. थांबलेला हिमलोट लगेच आवळून घट्ट होतो, हाताने सहज उकरला जात नाही. बाहेरून मदत यायला तिथे काही तास लागतात, वादळात दिवस. म्हणजे वाचवणारे कोण, तर शेजारी चालणारेच. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस कुठे आहे ते संदेशाने दाखवणारं यंत्र), पिशवीत प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं, आणि ती वापरायचा सराव लागतो. आपल्या सामानाच्या यादीत सनस्क्रीन आहे, गॉगल आहे, मायक्रोस्पाइक्स आहेत. ट्रान्सीव्हर, प्रोब, फावडं यांपैकी एकही नाही.

पाचवी गप्प बसण्याबद्दल. अपघात थोडक्यात टळला की आपण तो लपवतो. त्यातून दुसऱ्या आयोजकाला काही शिकता येत नाही आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच उतारावर दुसरी रांग उभी राहते. ऑक्टोबर २०२१ मध्ये हिमाचलात बुरान खिंडीच्या वाटेवर अवेळी आलेल्या बर्फात महाराष्ट्रातून गेलेल्या गटातले तिघे दगावले. ते हिमस्खलन नव्हतं, थंडी होती. पण वादळात पुढे जायचं की थांबायचं हा प्रश्न तोच. त्यानंतर आपल्या राज्यातल्या आयोजकांनी एकत्र बसून काय बदलायचं ते जाहीर केल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

राज्य सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आली. त्याचं मी स्वागतच करते. पण पोस्टरवर नोंदणी क्रमांक छापला म्हणून बर्फाचा अभ्यास झाला असं होत नाही.

आता मागण्या. यातली एकही अशक्य नाही.

हिवाळी मार्गाचा नकाशा नोंदणीच्या आधी जाहीर करा आणि त्यावर ३० अंशांहून उभे उतार रंगवून दाखवा. उतार मोजायला हल्ली फोनही पुरतो. कॅम्पच्या जागा नाळांच्या तोंडापासून दूर आहेत हे त्यावर दिसू द्या.

हवामान खात्याचा अंदाज आणि हिमस्खलनाचा इशारा रोज संध्याकाळी कॅम्पवर मोठ्याने वाचा, आणि घरच्यांनी दिलेल्या नंबरवर तोच मजकूर पाठवा. रेंज नसेल तर ऑफिसने पाठवावा.

मोठी बर्फवृष्टी थांबल्यावर किमान ४८ तास कुठलीही बॅच उभ्या उतारावर जाणार नाही, असा नियम लेखी करा. ४८ तास झाले म्हणजे मोकळीक मिळाली असं नाही, त्यानंतरही बर्फ तपासूनच पुढे.

प्रत्येक हिवाळी ट्रेकमध्ये दोन राखीव दिवस धरा. शुल्क वाढलं तर वाढू द्या. पालकांना कारण सांगा, ते देतील. हवामानामुळे ट्रेक सोडावा लागला तर उरलेले पैसे परत करा किंवा पुढच्या मोसमात जागा द्या.

स्थानिक गाइडचा नकार अंतिम माना. नुसता तोंडी मान नको. करारात लिहा की गाइडने ‘नाही’ म्हटलं की लीडर आणि ऑफिस दोघांचाही अधिकार संपला, आणि परत फिरल्या दिवसाची त्याची मजुरी पूर्ण मिळेल.

साधनांबद्दल दोनच पर्याय ठेवा. मार्ग पूर्णपणे सौम्य उतारांवर आणि जंगलात ठेवायचा, किंवा प्रत्येकाला ट्रान्सीव्हर, प्रोब, फावडं देऊन खालच्या कॅम्पवर एक पूर्ण दिवस शोधाचा सराव घ्यायचा. साधनं महाग आहेत हे मान्य. चार संस्थांनी मिळून एक संच विकत घ्या, आळीपाळीने वापरा. हेही परवडत नसेल तर तो उतार आपल्यासाठी नाही. हिवाळी बॅच नेणाऱ्या लीडरने मान्यताप्राप्त गिर्यारोहण संस्थेचं बर्फावरचं प्रशिक्षण घेतलेलं असलं पाहिजे आणि ते कुठून घेतलं हे आपल्या पानावर दिसलं पाहिजे.

आणि शेवटची. अपघात झाला किंवा टळला, पालकांना त्याच दिवशी कळवा आणि पंधरा दिवसांत जे घडलं ते जाहीर करा, कुणाला दोषी न ठरवता, फक्त घटना : कुठला उतार, किती वाजता, आदल्या दिवशी बर्फ किती, इशारा काय होता. पर्यटन संचालनालयालाही माझी विनंती आहे की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी हा अहवाल सक्तीचा करावा.

डिसेंबरच्या बॅचेसची नोंदणी आपण ऑक्टोबरमध्ये सुरू करता. त्याआधी या मागण्यांवर लेखी उत्तर द्या, मान्य असेल ते आणि नसेल तेही. आलेली सगळी उत्तरं, एक शब्दही न बदलता, आमच्या मंडळाच्या फलकावर आणि पानावर लावली जातील. ज्यांच्याकडून उत्तर येणार नाही त्यांच्याकडे यंदा आमच्या मंडळातून कुणी येणार नाही, आणि “ताई, पाठवू ना?” असा फोन आला की मी त्या संस्थेचं नाव ऐकून “नाही” म्हणेन.

कळावे.

आपली,
नाशिकच्या एका गिरिभ्रमण मंडळातील ट्रेक लीडर